हवाई बेटांवरील वनपक्षी : अधिवासाच्या ऱ्हासाचा इतिहास

उत्तर पॅसिफिक महासागरातील हवाई द्वीपसमूहाचे मूळचे वनपक्षी एके काळी समुद्रकिनाऱ्यापासून पर्वतांवरील वृक्षरेषेपर्यंत सर्वत्र राहत असत. आज त्यांच्या बहुतेक जाती उंच पर्वतांवरील अरण्यांच्या अरुंद पट्ट्यांतच आढळतात व अनेक जाती निर्वंश झाल्या आहेत. जंगलतोड, माणसाने आणलेले परकीय प्राणी व वनस्पती, डासांमार्फत पसरणारे रोग आणि अलीकडील तापमानवाढ यांच्या एकत्रित परिणामाने हा बदल घडून आला. बाहेरून आलेल्या जाती व बदलते पर्यावरण यांमुळे वन्य प्राण्यांची वसतिस्थाने कशी बदलतात, याचे हे सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या उदाहरणांपैकी एक आहे.

भूमी व मूळचे प्राणिजीवन : हवाई बेटे ज्वालामुखीजन्य असून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यापासून ती सु. ३,८०० किमी. दूर आहेत. ती कोणत्याही खंडाशी कधीही जोडलेली नव्हती. त्यामुळे उडत, वाऱ्याबरोबर किंवा समुद्रप्रवाहांबरोबर जे थोडे जीव येथवर पोहोचू शकले, त्यांच्यापासूनच येथील जीवसृष्टी निर्माण झाली. वटवाघळांखेरीज जमिनीवरील एकही सस्तन प्राणी येथे मूळचा नव्हता. साप, बेडूक, मुंग्या व डास यांचाही पूर्ण अभाव होता. बेटांच्या उंचीत मात्र मोठा फरक आहे. हवाई या सर्वांत मोठ्या बेटावरील मौना केआ हे शिखर ४,२०० मी. हून अधिक उंच आहे व माउई बेटावरील हालेआकाला सु. ३,०५५ मी. उंच आहे, तर काउआई या जुन्या व झिजलेल्या बेटाची कमाल उंची १,६०० मी. पेक्षा किंचित कमी आहे. उंचीतील या फरकाला पुढील इतिहासात फार महत्त्व आले.

येथील वनपक्ष्यांत हनीक्रीपर हा गट प्रमुख होय. आशियातील फिंच पक्ष्यांच्या एका शाखेचे काही पक्षी सु. ५० ते ७० लक्ष वर्षांपूर्वी या बेटांवर पोहोचले असावेत. निरनिराळ्या खाद्यांशी व परिस्थितींशी जुळवून घेत त्यांच्या वंशजांपासून पन्नासाहून अधिक जाती उत्पन्न झाल्या. काहींच्या चोची फुलांतील मध शोषण्यासाठी लांब व बाकदार झाल्या, काहींच्या कठीण बिया फोडण्याइतक्या जाड झाल्या, तर काहींच्या सालीखालील किडे उकरून काढण्याजोग्या बनल्या. ओहिआ (मेट्रोसिडेरॉस पॉलिमॉर्फा) व कोआ (अकेशिया कोआ) या वृक्षांच्या अरण्यांशी त्यांचे जीवन निगडित आहे. शेंदरी रंगाचा इइवी (ड्रेपॅनिस कॉक्सिनिया) हा या गटातील विशेष परिचित पक्षी आहे. हवाईचे राजे व सरदार या पक्ष्यांच्या पिसांचे झगे वापरीत. पहिला कामेहामेहा राजा याचा मामो पक्ष्याच्या पिवळ्या पिसांचा झगा होनोलूलू येथील बिशप संग्रहालयात जतन केलेला आहे. मामो पक्षी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निर्वंश झाला.

लाखो वर्षे अलग राहिल्याने या पक्ष्यांचा डास, उंदीर, मांजर यांसारख्या प्राण्यांशी कधी संबंध आला नाही. भक्षकांपासून बचाव करण्याच्या सवयी व डासांमार्फत येणाऱ्या रोगांविरुद्धची प्रतिकारक्षमता या दोन्हींची त्यांच्यात उणीव राहिली. पुढे झालेल्या हानीचे मूळ बहुतांशी या उणिवेत आहे.

मानवी वसाहतीचा प्रारंभ : पॉलिनीशियन दर्यावर्दी सर्वसाधारणपणे इ. स. १००० ते १२०० या काळात हवाईत आले. त्यांनी आपल्याबरोबर डुक्कर, कुत्रा व कोंबडी हे प्राणी आणले. त्यांच्या होड्यांतून पॅसिफिक उंदीरही आला. शेतीसाठी सखल भागातील अरण्ये जाळली व तोडली गेली. यूरोपीय लोक येईपर्यंत बेटांवरील पक्षिजीवन अबाधित होते, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. तथापि स्टॉर्स ऑल्सन व हेलन जेम्स या अमेरिकन शास्त्रज्ञांनी सखल प्रदेशांतील वाळूच्या टेकड्या, गुहा इ. ठिकाणी सापडलेल्या अस्थींचा अभ्यास करून १९८२ मध्ये तो खोडून काढला. उडू न शकणाऱ्या मोठ्या बदकवर्गीय पक्ष्यांसह कित्येक जाती त्यापूर्वीच नष्ट झाल्या होत्या, असे त्यांना आढळले. तसेच आज केवळ पर्वतांवर आढळणाऱ्या काही जातींच्या अस्थी समुद्रसपाटीजवळ मिळाल्या. यावरून हे पक्षी स्वभावतः पर्वतवासी नसून त्यांना पर्वतांवर आश्रय घ्यावा लागला, हे स्पष्ट झाले.

१७७८ नंतरची आयात : कॅप्टन जेम्स कुक १७७८ मध्ये हवाईत आला व त्याने नीहाऊ बेटावर शेळ्या सोडल्या. जॉर्ज व्हँकूव्हर याने १७९३ मध्ये गुरे आणली. त्यांची संख्या वाढावी म्हणून राजाने ती मारण्यास बंदी घातली व ही बंदी १८३० पर्यंत टिकली. मोकाट गुरे, शेळ्या व मेंढ्या यांनी अरण्यांतील रोपे खाऊन टाकल्यामुळे विशेषतः उंचावरील अरण्यांची वाढ खुंटली आणि कित्येक ठिकाणी अरण्याची वरची कड खाली सरकली. जहाजांवरून आलेले काळे उंदीर झाडांवर चढून अंडी व पिले खाऊ लागले.

या आयातीत भारताशी संबंध असलेल्या दोन प्राण्यांचा व महाराष्ट्रात सर्वत्र परिचित असलेल्या एका वनस्पतीचा अंतर्भाव होतो. घाणेरी (टणटणी) ही मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील वनस्पती विल्यम हिलब्रँड या वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये शोभेसाठी हवाईत लावली. त्यानेच १८६५ मध्ये लष्करी अळीच्या बंदोबस्तासाठी भारतातून साळुंकी आणली. साळुंकीने घाणेरीची फळे खाऊन तिच्या बिया दूरवर पसरविल्या. त्यामुळे एका हेतूने आणलेल्या वनस्पतीच्या प्रसारास दुसऱ्या हेतूने आणलेला पक्षी साहाय्यभूत झाला. कुरणे घाणेरीने व्यापल्यावर तिच्या नियंत्रणासाठी १९०२ मध्ये मेक्सिकोतून कीटक आणावे लागले. भारतीय मुंगूस कलकत्त्याहून १८७२ मध्ये जमेकात नेण्यात आले होते. तेथील ७२ मुंगसे १८८३ मध्ये हवाईत आणून उसाच्या मळ्यांत सोडण्यात आली. त्यांनी उंदरांचा नायनाट करावा, ही मळेवाल्यांची अपेक्षा होती. परंतु उंदीर मुख्यत्वे रात्री व मुंगूस दिवसा वावरत असल्याने ती फोल ठरली आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी व पिले मुंगसांच्या भक्ष्यस्थानी पडली. काउआई बेटावर मुंगसांची वसाहत झाली नाही.

डासांचे आगमन : वरील सर्व आयातींपेक्षा अधिक दूरगामी परिणाम एका अजाणता झालेल्या आयातीने घडविला. क्यूलेक्स क्विंकेफॅसिएटस हा रात्री चावणारा डास १८२६ मध्ये माउई बेटावरील लाहाइना बंदरात प्रथम आढळला. मेक्सिकोहून आलेल्या वेलिंग्टन या जहाजातील पाण्याची पिंपे ओढ्यात रिकामी करताना त्याच्या अळ्या सांडल्या, असे सर्वसाधारणपणे मानतात. भारतात हत्तीरोगाचा प्रसार करणारा डास तो हाच होय. काही दशकांत तो सर्व प्रमुख बेटांच्या सखल भागांत पसरला.

डास केवळ वाहक होता. रोगकारके मागाहून आली. पाळीव कोंबड्या व इतर परकीय पक्ष्यांबरोबर पक्ष्यांच्या देवीचा विषाणू प्रथम आला असावा. पक्ष्यांच्या हिवतापाचा आदिजीव (प्लास्मोडियम रेलिक्टम) विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, शोभेचे पक्षी मोठ्या प्रमाणावर आणून सोडले जात असता, स्थिर झाला. हा हिवताप माणसास होत नाही. परकीय पक्ष्यांना या रोगाशी दीर्घकालीन सहवासाने प्रतिकारक्षमता आलेली असल्याने ते आजारी न पडता रोगाचे साठे बनून राहिले. मूळच्या पक्ष्यांना मात्र तो प्राणघातक ठरला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्षिसंग्राहकांना पायांवर व चोचीजवळ गाठी आलेले पक्षी आढळू लागले होते. एच. डब्ल्यू. हेन्शॉ याने १९०२ मध्ये केलेल्या नोंदींत, अरण्य वरकरणी जसेच्या तसे असूनही त्यातील पक्षी नाहीसे होत असल्याचा उल्लेख आहे. झाडे उभी आहेत, फुलांत मध आहे, तरीही पक्षी नाहीत, या वस्तुस्थितीचा उलगडा त्या काळी होऊ शकला नाही.

कारणाचा शोध : रिचर्ड वॉर्नर याने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या प्रश्नास नवी दिशा मिळाली. डास नसलेल्या लेसान या दूरच्या बेटावरील फिंच पक्षी त्याने होनोलूलू येथे आणले. डासांना अटकाव करणारे आवरण असलेल्या पिंजऱ्यांतील पक्षी जगले. उघड्या पिंजऱ्यांतील पक्षी देवी व हिवताप यांनी मेले. सु. ६०० मी. उंचीखाली मूळचे हनीक्रीपर जवळजवळ आढळत नाहीत व डास मात्र विपुल आहेत, याकडेही त्याने लक्ष वेधले. चार्ल्स व्हॅन रायपर व त्याच्या सहकाऱ्यांनी मौना लोआ पर्वताच्या उतारावर निरनिराळ्या उंचींवर पक्षी व डास पकडून तपासले. त्यांचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. सखल भागात डास पुष्कळ पण मूळचे पक्षी थोडे, उंचावर पक्षी पुष्कळ पण डास थोडे आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही एकत्र येत असल्याने तेथे हिवतापाचे प्रमाण सर्वाधिक, असे त्यांना दिसून आले. कार्टर अ‍ॅटकिन्सन व सहकाऱ्यांच्या १९९५ च्या प्रयोगात संसर्गित डासाचा एकच दंश झालेल्या इइवी पक्ष्यांपैकी सु. ९० टक्के पक्षी मरण पावले.

उंचीची सीमारेषा : डासाच्या शरीरात हिवतापाच्या परजीवीची वाढ तापमानावर अवलंबून असते. सु. १३° से. च्या खाली ती थांबते व त्याहून थोड्या अधिक तापमानात इतकी मंद असते की, परजीवी पक्व होण्यापूर्वीच बहुतेक डास मरतात. पर्वतावर चढत जावे तसतसे तापमान उतरत असल्याने विसाव्या शतकात सु. १,५०० मी. उंचीच्या वर रोगाचा प्रसार क्वचितच होई. हवाईच्या वनपक्ष्यांच्या क्षेत्राची खालची मर्यादा अशा रीतीने खाद्य, वृक्ष वा पाऊस यांनी नव्हे, तर डास व तापमान यांनी आखली. त्या रेषेखालची कित्येक अरण्ये आजही या पक्ष्यांच्या खाद्यवृक्षांनी भरलेली आहेत. ओहिआ फुलला की फुलांच्या शोधात खाली उतरणारे इइवीसारखे पक्षी डासांच्या पट्ट्यात शिरतात व संसर्ग होऊन मरतात.

इतर परकीय जातींनी ही रेषा पक्ष्यांना अधिकच प्रतिकूल केली. रानटी डुकरे अरण्यातील वृक्षासारख्या वाढणाऱ्या नेच्यांची खोडे फोडून आतील पिष्टमय गर खातात. पोकळ झालेल्या खोडांत व डुकरांच्या लोळणीच्या खड्ड्यांत पावसाचे पाणी साचून डासांची पैदास होते. हवाईतील ज्वालामुखीजन्य जमीन सच्छिद्र असून तीत पाणी सहसा साचून राहत नाही. तेव्हा डुकरांवाचून कित्येक अरण्यांत डासांना जागाच मिळाली नसती. १८२५ मध्ये आणलेल्या स्ट्रॉबेरी पेरूची फळे डुकरे आवडीने खातात व त्याच्या बिया पसरवितात. त्याच्या दाट झुडपांखाली ओहिआची रोपे वाढू शकत नाहीत.

या नियमास एक उल्लेखनीय अपवाद आहे. हवाई बेटाच्या आग्नेय भागातील पूना या सखल प्रदेशात आमाकिही या जातीचे पक्षी विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुन्हा मोठ्या संख्येने आढळू लागले. त्यांच्यात हिवतापाचा संसर्ग सर्रास असूनही ते जगतात व पिले वाढवितात. नैसर्गिक निवडीने रोग सहन करण्याची क्षमता त्यांच्यात आली असावी. मात्र ज्या जातींची संख्या मुळातच थोडी आहे व ज्यांत मृत्यूचे प्रमाण फार मोठे आहे, त्यांना अशा बदलास लागणारा अवधी मिळणे अवघड असते.

तापमानवाढ : तापमान वाढले की रोगाची रेषा पर्वतावर वर सरकते. अरण्याची वरची कड मात्र त्या वेगाने वर जाऊ शकत नाही. कारण उंचावर हवा कोरडी असते आणि पूर्वीची उंचावरील अरण्ये कित्येक ठिकाणी कुरणांत रूपांतरित झालेली आहेत. परिणामी पक्ष्यांचा निरोगी पट्टा खालून आक्रसत जातो. उंच पर्वत असलेल्या हवाई व माउई बेटांवर या पट्ट्याचा काही भाग अद्याप शिल्लक आहे. काउआई बेटावर तशी सोय नाही. तेथील वनपक्ष्यांचे अखेरचे आश्रयस्थान असलेले अलाकाई पठार सु. १,००० ते १,६०० मी. उंचीवर आहे व त्याच्या वर भूमीच नाही. १९९४–९७ या काळाच्या तुलनेत २००७–१३ या काळात त्या पठारावरील पक्ष्यांतील हिवतापाच्या संसर्गाचे प्रमाण दुपटीहून अधिक झाल्याचे आढळले. आकीकीकी या लहान राखी पक्ष्याची अंडी बंदिवासात उबविण्यासाठी २०१५ पासून गोळा करण्यात आली. २०२३ मध्ये निसर्गात या जातीचे केवळ पाच पक्षी उरल्याचे दिसून आले.

ओहिआ वृक्षही संकटात सापडला आहे. सेरॅटोसिस्टिस वंशातील कवकांमुळे होणाऱ्या व झाड झपाट्याने वाळविणाऱ्या रोगाने २०१० नंतरच्या काळात हवाई बेटावरील लक्षावधी ओहिआ वृक्ष मेले. जखमी सालीतून हे कवक झाडात शिरत असल्याने मोकाट जनावरांनी झाडांना केलेल्या इजाही या रोगास पोषक ठरतात.

संरक्षणाचे प्रयत्न : प्रारंभीचे संरक्षणकार्य मुख्यतः अरण्य राखण्यावर आधारलेले होते. मौना केआवरील पालिला हा पक्षी मामाने वृक्षाच्या बियांवर जगतो. मोकाट शेळ्या-मेंढ्यांमुळे तो वृक्ष नष्ट होत असल्याने पक्ष्याच्या नावे दाखल झालेल्या खटल्यात १९७९ मध्ये न्यायालयाने ही जनावरे तेथून हटविण्याचा आदेश दिला. हवाई बेटावर १९८५ मध्ये हाकालाऊ अरण्य आश्रयस्थान स्थापन झाले. कुंपणे घालून गुरे व डुकरे बाहेर काढल्यावर आणि जुन्या कुरणांवर कोआची लागवड केल्यावर तेथील मूळचे पक्षी बरीच वर्षे टिकून राहिले. हे यश अरण्याच्या उंचीमुळे शक्य झाले.

केवळ अरण्य पुन्हा उभे करणे पुरेसे नाही, हे माउईवरील अनुभवाने सिद्ध केले. किवीकिऊ या पोपटासारखी चोच असलेल्या पक्ष्याची दुसरी वसाहत वसविण्यासाठी हालेआकालाच्या वाऱ्याआडच्या उतारावरील नाकुला या राखीव क्षेत्रात अरण्याची पुनर्लागवड करण्यात आली होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये तेथे निसर्गातून पकडलेले सात व बंदिवासात वाढविलेले सात असे १४ पक्षी नेण्यात आले. काही आठवड्यांतच बहुतेक पक्षी हिवतापाने मेले किंवा नाहीसे झाले. त्यांपैकी एक नर २०२१ मध्ये जिवंत आढळला. डास अपेक्षेपेक्षा अधिक उंचीवर पोहोचले होते.

निर्वंश झालेल्या जातींची यादी वाढत आहे. माउईवरील पोओउली हा पक्षी १९७३ मध्ये प्रथमच शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडला व त्याचा अखेरचा ज्ञात पक्षी २००४ मध्ये बंदिवासात मेला. काउआईवरील ओओ पक्ष्याचा आवाज १९८७ नंतर ऐकू आलेला नाही. इइवीची गणना २०१७ मध्ये धोक्यात आलेल्या जातींत करण्यात आली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निर्वंश ठरवून संरक्षित यादीतून वगळलेल्या २१ जातींपैकी आठ हवाईतील वनपक्ष्यांच्या होत्या. पन्नासाहून अधिक हनीक्रीपर जातींपैकी आज सु. १७ जातीच उरल्या आहेत.

डासांचे नियंत्रण : विस्तीर्ण व दुर्गम अरण्यांत कीटकनाशके फवारणे शक्य नाही व तेथील मूळच्या कीटकांना ती अपायकारक ठरतील. म्हणून डासांच्या प्रजननातच अडथळा आणण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. अनेक कीटकांच्या पेशींत वोल्बाकिया हा सूक्ष्मजंतू नैसर्गिक रीत्या असतो. नर व मादी यांच्यातील त्याचे प्रकार परस्परांशी विसंगत असल्यास अंडी उबत नाहीत. विसंगत प्रकार असलेले नर प्रयोगशाळेत वाढवून अरण्यात सोडल्यास डासांची संख्या क्रमशः घटते. नर डास चावत नसल्याने त्यांच्यापासून रोगाचा धोका नसतो. माउईवरील अरण्यांत असे नर हेलिकॉप्टरमधून सोडण्यास २०२३ च्या अखेरीस प्रारंभ झाला. या पद्धतीने डासांचे पूर्ण उच्चाटन होत नाही. नर सोडण्याचे काम सतत चालू ठेवावे लागते. ती यशस्वी झाल्यास रोगाची रेषा पुन्हा खाली ढकलता येईल व रिकामी असलेली अरण्ये पक्ष्यांना परत मिळतील.

हवाईच्या या इतिहासावरून अभयारण्यांच्या आखणीसंबंधी एक व्यापक निष्कर्ष निघतो. एखादा प्राणी आज जेथे आढळतो तेच त्याचे स्वाभाविक क्षेत्र, असे धरून आखणी केल्यास ती अपुरी पडते. कारण त्याचे आजचे क्षेत्र पूर्वी घडलेल्या हानीने शिल्लक ठेवलेला अवशेष असू शकते. त्याचे पूर्वीचे क्षेत्र कोणते होते, तेथून तो कोणत्या कारणाने हटला आणि ते कारण आजही कार्य करीत आहे काय, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच राखावयाच्या भूमीची निवड करता येते. वनपक्ष्यांचा रोगमुक्त पट्टा दरवर्षी आक्रसत असल्याने हवाईत या उत्तरांनुसार कृती करण्यास उपलब्ध असलेला काळ थोडा आहे.